पोटाचे दुखणे आणि अंगावरचे फोड

हिंगोलीहून नांदेडला जाणारी एस. टी. आमच्या आखाडा बाळापूरवरून जाते. त्या गाडीने आम्ही एका वर्षात चौदा वेळा नांदेड गाठले. हौसेने नव्हे. आमच्या धाकट्या भावाच्या मुलाला घेऊन गेलो. त्याच्या दुखण्यातून आम्ही जे शिकलो ते इथे सांगणार आहोत. शिकायला उशीर झाला, म्हणून सांगण्याची घाई आहे.

मुलगा चोवीस वर्षांचा. अंगाने धडधाकट. पण दोन वर्षे त्याचे पोट दुखत होते. उजवीकडे, बेंबीच्या खाली. जेवण झाले की कळ यायची. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ जुलाब. संध्याकाळी अंग कोमट. पँटचा पट्टा दर महिन्याला एक भोक आत जायचा. कोणी म्हणाले आमांश, कोणी म्हणाले टीबी, कोणी म्हणाले बाहेरचे काहीतरी आहे, उतारा टाका. शेवटी नांदेडला दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "ह्याला क्रोनचा आजार आहे."

गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांत कळ थांबली. पोरगा दोन भाकरी खाऊ लागला. घरात दिवाळी आली म्हणा ना!

पण दुसऱ्या महिन्यात नवेच निघाले. छातीवर, पाठीवर, खांद्यांवर आणि तोंडावर लाल पुटकुळ्या. एक नाही, दोन नाही, मोहरी सांडावी तशा. त्याच वेळी एका स्थळाकडचे पाहुणे येणार होते. मित्र म्हणाले, "गोळ्यांची गर्मी बाहेर पडतीय. बंद कर चार दिवस." पोराने गोळ्या कोनाड्यात ठेवल्या. घरात कोणालाच सांगितले नाही. एका दुकानातून ट्यूब आणली आणि तोंडाला चोळली. चार दिवसांत चेहरा साफ दिसू लागला.

आठव्या दिवशी तो चक्कर येऊन पडला. पोटात पुन्हा कळ, उलट्या, रक्त पडायला लागले. पाहुणे आले तेव्हा घराला कुलूप होते. आम्ही सारे दवाखान्यात होतो.

डॉक्टरांनी त्याला एकच वाक्य सांगितले. ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. "पुटकुळ्या काही महिन्यांत गेल्या असत्या, पण आतड्याची जखम एवढ्या लवकर भरत नाही."

हा आजार आहे तरी काय?

1932 साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या माउंट सिनाई रुग्णालयात बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर ह्या तीन डॉक्टरांनी ह्या आजाराची नीट माहिती छापली. तिघांत क्रोन यांचे नाव आधी छापले होते. तेच आजाराला चिकटले.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. ती रक्तात फिरते. परके कोणी आले की त्याला मारते. ह्या आजारात ती फौज चुकते. घरच्याच माणसाला चोर समजून राखणदाराने काठी चालवावी, तसे होते. फौज आपल्याच आतड्यावर तुटून पडते. आतडे सुजते, त्याला जखमा होतात. बहुधा लहान आतड्याच्या शेवटी, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळते, तिथे हे होते. पण तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकते.

असे का होते, ह्याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. थोडे रक्तातून येते, थोडे बाहेरच्या कारणांनी होते. पण तीन गोष्टी पक्क्या आहेत. एक, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दोन, हा पापाचा किंवा करणीचा आजार नाही. तीन, हा मुळासकट जात नाही, पण औषधाने दबून राहतो आणि माणूस वर्षानुवर्षे कामधंदा करू शकतो.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोनचा आजार दिसायला फार सारखे. अनुभवी डॉक्टरही कधी कधी घोटाळ्यात पडतात. म्हणून तपासण्या जास्त होतात. त्याला कंटाळू नये. कारण एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते.

पोट आत, फोड बाहेर. संबंध काय?

आम्हालाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर असे की ह्या आजाराच्या माणसाच्या अंगावर जे उठते ते सारे एका जातीचे नसते. शेतात उगवलेले प्रत्येक हिरवे पान सोयाबीनचे नसते, तसेच हे. पान ओळखल्याशिवाय खुरपे चालवू नये. मुख्य चार जाती सांगतो.

पहिली जात: औषधाने उठलेल्या पुटकुळ्या.

आमच्या पुतण्याला हेच झाले. त्याला प्रेडनिसोलोन नावाची गोळी होती. हे स्टेरॉइड जातीचे औषध. ते चुकलेल्या फौजेला शांत करते. पण त्यामुळे भूक फार लागते, चेहरा गोल होतो आणि पुटकुळ्या येतात. वयात येताना येतात त्या पुटकुळ्या लहान-मोठ्या असतात, त्यांत काळी टोके असतात. गोळीच्या पुटकुळ्या बहुतेक एका मापाच्या असतात आणि छाती, पाठ, खांदे इथे जास्त. डॉक्टर गोळीचे प्रमाण हळूहळू उतरवतात तशा त्याही उतरतात.

ही गोळी एकदम का थांबवू नये, तेही समजून घ्या. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहान ग्रंथी असते. ती असेच द्रव्य रोज थोडे थोडे बनवते. बाहेरून गोळी येऊ लागली की ग्रंथी म्हणते, "आता माझे काम नाही," आणि झोपी जाते. गोळी एकदम बंद केली तर ती लगेच जागी होत नाही. मग चक्कर येते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. जिवावरही बेतू शकते. बैलगाडी उतारावरून उतरवताना आपण कासरा हळूहळू सोडतो ना? तशी ही गोळी सोडायची, तीही डॉक्टरांच्या हाताने.

दुसरी काही औषधेही कातडीवर परिणाम करतात. अॅझाथायोप्रिन नावाची गोळी चालू असेल तर उन्हाचा त्रास कातडीला जास्त होतो. शेतात जाताना डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. काहींना मोठी इंजेक्शने देतात. त्यांनी आतडे सुधारते, पण एखाद्याच्या तळहातावर, तळपायावर किंवा डोक्यात लाल, खपल्यांचे चट्टे येतात. गंमत अशी की तसल्याच चट्ट्यांच्या आजारावर हेच इंजेक्शन औषध म्हणूनही देतात! अशा वेळी इंजेक्शन चालू ठेवायचे की बदलायचे, हे डॉक्टर ठरवतात.

दुसरी जात: आतल्या आगीच्या गाठी.

आतड्यात आजार भडकला की काहींच्या नडगीवर लाल, गरम, दुखऱ्या गाठी येतात. सुपारीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या. बायकांत जास्त दिसतात. त्या फुटत नाहीत. मुका मार लागल्यावर कातडी आधी लाल, मग निळी, मग पिवळट होते ना? तशाच त्या काही आठवड्यांत विरतात. त्यांच्यावर लेप लावून काही होत नाही. खालची चूल विझवली की वरचे पाणी उकळायचे थांबते. आतडे शांत झाले की गाठी बसतात. तोंडात वारंवार येणारे फोडही पुष्कळदा ह्याच जातीचे असतात.

पण ध्यानात घ्या. अशा गाठी टीबीतही येतात. कुष्ठरोगातही लाल, दुखऱ्या गाठी येऊ शकतात. म्हणून घरी बसून निदान करू नये.

तिसरी जात: अन्नरस कमी पडल्याने येणारे चट्टे.

आजारी आतडे अन्नातला सगळा रस ओढून घेऊ शकत नाही. पाटाला भोके पडली तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसे होते. जस्त कमी पडले तर तोंडाभोवती आणि बसायच्या जागेभोवती लाल चट्टे येतात, जखमा लवकर भरत नाहीत, केस गळतात. नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व कमी पडले तर ऊन लागते त्या जागी, म्हणजे हातावर, पायावर आणि गळ्याभोवती माळ घातल्यासारखी, कातडी काळी पडते आणि सोलते. ह्याला पेलाग्रा म्हणतात.

पेलाग्राची ओळख आपल्या दख्खनला जुनी आहे. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गोरगरिबांत हा रोग तपासला. म्हणजे ज्वारी वाईट असे नव्हे. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी असे काही पोटात गेले तर भीती नाही. नुसत्या भाकरीवर माणूस राहिला तर भीती. आणि आतडेच आजारी असेल तर चांगले खाऊनही उणीव राहू शकते. मग डॉक्टर रक्त तपासून गोळ्या देतात. आतडे कुठे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे अन्न अडकते. म्हणून काय खावे, काय टाळावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

चौथी जात: थांबू नये अशी.

ही क्वचित होते, पण माहीत हवी. पायावर कीडा चावल्यासारखा एक फोड येतो. दोन-चार दिवसांत तो फुटून खोल जखम होते. कडा जांभळट. दुखणे असह्य. जखम रोज वाढते. आपल्याकडे लोक म्हणतात, "पू साठलाय, चिरा द्या." इथेच घात होतो! ही जखम जंतूंनी झालेली नसते. चिरली, खरवडली की ती आणखी वाढते. म्हणून क्रोनचा आजार असलेल्या माणसाच्या पायाचा वाढता फोड कोणालाही चिरू देऊ नका. "ह्याला आतड्याचा आजार आहे," हे डॉक्टरांना आधी सांगा.

दुसरी गोष्ट लाजेची, पण आम्ही लाजणार नाही. गुदद्वाराजवळ गळू येते, फुटते, पुन्हा भरते, पू येत राहतो. ह्याला लोक भगंदर म्हणतात. क्रोनच्या आजारात हे पुष्कळांना होते. बायका तर वर्ष वर्ष सांगत नाहीत. गावात ह्यावर दोरा बांधणारे, जाळणारे भेटतात. ह्या आजारात तसे करून घेतले तर नुकसान होऊ शकते. आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. सांगायला लाज वाटते, तर चिठ्ठीवर लिहून पुढे करा. लिहायला शिकलात ते कशासाठी?

ट्यूबची गोष्ट

आता पोराने चोळलेल्या ट्यूबकडे येऊ. तिने चेहरा चार दिवसांत साफ झाला, मग वाईट काय झाले?

त्या ट्यूबमध्येही स्टेरॉइडच होते. लालसर जागेवर ते लावले की लाली लगेच बसते. माणूस खूश होतो. पुन्हा लावतो. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, ऊन सहन होत नाही. लावणे थांबवले की पुटकुळ्या दुप्पट जोराने येतात. नायट्यावर लावले तर नायटा दबून दबून सगळ्या अंगावर पसरतो. हा त्रास देशात एवढा वाढला की 2018 साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड औषधे असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. तरी ती मिळतात आणि लोक घेतात.

म्हणून ट्यूब घेताना नाव वाचा. पुष्कळ पाकिटांवर औषधाचे नाव नागरी अक्षरांतही असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसली तर समजा की स्टेरॉइड आहे. नाव वाचता आले नाही तर दुकानदाराला सरळ विचारा, "ह्यात स्टेरॉइड आहे का?" विचारायला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांनी दिले असेल तर सांगितले तितकेच दिवस, सांगितल्या जागीच लावा.

पुटकुळ्यांवर पोटातून घ्यायची कडक औषधेही बाजारात आहेत. ती आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांतले आयसोट्रेटिनॉइन हे औषध गरोदर बाईने घेतले तर पोटातल्या बाळात व्यंग येते. ज्याचे आतडे आजारी आहे त्याने तर पोटाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काही घेऊच नये.

घरी काय करावे?

साध्या पुटकुळ्यांसाठी घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण रोजच्या आहेत.

दिवसातून दोनदा कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. पुटकुळ्या मळाने येत नाहीत, म्हणून दगडाने किंवा काथ्याने घासू नका. घासल्याने त्या चिडतात.

फोडू नका, नखाने टोकरू नका. ह्या आजाराच्या औषधांनी जंतूंशी लढायची ताकद कमी झालेली असते. नखाची घाण आत गेली तर साध्या पुटकुळीचे गळू होते.

डोक्याला तेल चोपडून कपाळावर ओघळू देऊ नका. घाम आला की सदरा बदला. सदरा सुती आणि सैल असावा.

हळदीचे काय? आमच्या हिंगोली-वसमतकडे हळद घरोघर. फोडावर हळद, हळद-चुना लावायची सवय मोठी. हळद जेवणात असू द्या. पण उघड्या जखमेवर किंवा वाढत्या फोडावर चुना, राख, पाला काही लावू नका. त्याने जखम चिडते आणि डॉक्टरांना खरे रूप दिसत नाही.

गाठी दुखतात म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक अशी दुखण्याची गोळी आणून घेऊ नका. त्याने आतड्याचा आजार भडकू शकतो. कोणती गोळी चालेल ते आधी विचारून ठेवा.

आणि बीडी सोडा. बीडी-सिगारेटच्या धुराने क्रोनचा आजार वाढतो, हे पक्के माहीत झाले आहे. ज्या उपायाला एक पैसा लागत नाही असा हाच एक!

वहीचा उपयोग

दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही पुतण्याला शाळेची एक वही दिली. तिच्यात रकाने आखले. तारीख. पोट कसे आहे. जुलाब किती. अंगावर काय उठले, कुठे, दुखते का. कोणती गोळी, किती. रोज एक ओळ. पाच मिनिटांचे काम.

दोन महिन्यांनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पाने उलटली आणि म्हणाले, "बघा. पाठीच्या पुटकुळ्या गोळी वाढवल्यावर आल्या. नडगीच्या गाठी मात्र जुलाब वाढले त्याच आठवड्यात आल्या." दोन जाती, दोन कारणे, कागदावर वेगळी दिसली. तोंडी सांगताना आम्ही सगळे एकत्र कालवून सांगत होतो.

शक्य असेल तर पोटाचे डॉक्टर आणि कातडीचे डॉक्टर एकाच मोठ्या रुग्णालयात गाठावेत. आमच्या भागाला नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही जा, एकाचे कागद दुसऱ्याला दाखवा. कातडीच्या डॉक्टरांपासून पोट लपवू नका आणि पोटाच्या डॉक्टरांपासून कातडी.

ताबडतोब केव्हा जावे?

फोड रोज वाढतोय आणि फार दुखतोय. गुदद्वाराजवळ गाठ आहे आणि ताप आहे. डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही. नवीन औषधानंतर अंगभर पुरळ, तोंडात सोलवटणे, कातडी सुटणे. कांजण्या किंवा पट्ट्यासारखी आग होणारी नागीण. ह्यांतले काहीही दिसले तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी निघा आणि चालू औषधांची पाकिटे पिशवीत घ्या.

शेवटी

अंगावरचे फोड चारचौघांत दिसतात. आतड्याची जखम कोणालाच दिसत नाही. म्हणून माणूस दिसणाऱ्याला भितो आणि न दिसणाऱ्याला विसरतो. आमच्या पोराने तेच केले. त्याला आम्ही दोष देत नाही. त्या वयात चेहरा म्हणजे इभ्रत. दोष आमचा, की त्याच्या मनातले आम्ही विचारले नाही. "गोळी घेतली का?" एवढेच विचारत राहिलो. "तुला कसं वाटतं?" हे विचारले असते तर कोनाड्यातल्या गोळ्या तेव्हाच सापडल्या असत्या.

आज त्याची ती गोळी डॉक्टरांनी उतरवत उतरवत बंद केली आहे. दुसरे औषध चालू आहे. पाठीवर थोडे डाग आहेत, तेही फिके होताहेत. लग्नाचे बोलणे पुन्हा निघाले तेव्हा त्याने स्वतःच मुलीकडच्यांना आजार सांगितला, आणि तो लागट नाही हेही सांगितले. ते विचार करतो म्हणाले. करू द्यात. खरे सांगून थांबावे लागले तरी चालेल.

ध्यानात ठेवा

1. अंगावर काही उठले म्हणून पोटाचे औषध आपल्या मनाने बंद करू नका.
2. दुकानातून आणलेली ट्यूब चोळू नका. नाव वाचा, विचारा.
3. वाढता फोड चिरू देऊ नका.
4. तारीख घालून रोज एक ओळ लिहा आणि ती डॉक्टरांना दाखवा.

वाचा आणि सांगा

1. स्टेरॉइडची गोळी एकदम का थांबवू नये?
2. नडगीच्या गाठी बसवायच्या तर आधी काय शांत झाले पाहिजे?
3. तुमच्या घरी कोणती ट्यूब आहे? तिच्यावरचे नाव वाचून वहीत लिहा.